कर नाही त्याला डर कशाला?

आमच्या मलकापुरात विमान उतरत नाही. कापसाच्या गाड्या, महामार्गावरून रात्रंदिवस सुरतेकडे आणि कोलकात्याकडे धावणारे ट्रक आणि रेल्वेचे स्थानक, एवढेच या गावाचे जगाशी नाते. जिल्ह्याचे ठिकाण असूनही बुलढाण्याला रेल्वे नाही. त्यामुळे तिकडची माणसेही मुंबईची गाडी धरायला आमच्याच फलाटावर येतात. त्या फलाटावर गेल्या पावसाळ्यात एका रात्री आम्ही भाच्याला निरोप द्यायला उभे होतो. विदर्भ एक्स्प्रेसने मुंबई, तेथून विमानाने आखात, पहिलीच नोकरी. लोणच्याची बरणी बॅगेत वर ठेवावी की खाली, यावर चर्चा चालू होती. भाच्याची हनुवटी मात्र आम्हाला ओळखू येईना. दोन वर्षे जोपासलेली दाढी त्याने दुपारीच उतरवली होती. आमच्या ताईचा तसा हुकूमच होता. "दाढी काढून टाक रे बाबा, आणि गळ्यातला क्रूस सदऱ्याच्या बाहेर राहू दे. उगीच त्यांच्यातला समजतील."

पोर हसले आणि म्हणाले, "मामा, मी केलंय तरी काय?" त्यावर निरोपाला आलेल्या मंडळींतील एक ज्येष्ठ गृहस्थ ठामपणे उद्गारले, "कर नाही त्याला डर कशाला!" सर्वांनी माना डोलावल्या. आम्हीही डोलावली. गाडी आली, गाडी गेली. घरी परतताना मात्र त्या म्हणीचा आणि त्या गुळगुळीत हनुवटीचा मेळ आम्हाला काही केल्या बसेना. ज्याला डर नाही त्याने दाढी का काढली? आणि 'त्यांच्यातला' म्हणजे कोणातला, हे फलाटावर उभ्या असलेल्या आम्हा साऱ्यांना न सांगता कसे कळले?

या म्हणीविरुद्धच आम्हाला आज लिहायचे आहे. विमानतळावरील तपासणीविरुद्ध नव्हे, हे आरंभीच सांगून टाकतो. कारण असे काही लिहिले की, 'मग काय बॉम्ब घेऊन चढू द्यायचे?' असा सवाल हटकून येतो. नाही, चढू द्यायचे नाही. २३ जून १९८५ रोजी एअर इंडियाचे 'कनिष्क' हे विमान आयर्लंडच्या किनाऱ्याजवळ आकाशात फुटले आणि ३२९ माणसे समुद्रात गेली, हे आमच्या पिढीच्या स्मरणात आहे. १९९९ साली नाताळच्या पूर्वसंध्येला, आपण मध्यरात्रीच्या मिस्साच्या तयारीत असताना, काठमांडूहून निघालेले विमान पळवून नेण्यात आले आणि मधुचंद्राहून परतणाऱ्या रूपिन कट्याल या तरुणाचा त्यात खून झाला. ज्या घरातील माणूस विमानात बसतो त्या घराला सुरक्षा हवीच असते. ती आम्हालाही हवी आहे.

परंतु 'कनिष्क'ची कथा जरा पुढे वाचावी. ज्या बॅगेत बॉम्ब होता ती व्हँकुव्हरच्या विमानतळावर एका माणसाने दिली. पुढच्या विमानात त्याची जागा निश्चित नव्हती. तरीही बॅग पुढे पाठवा असा त्याने हेका धरला आणि खिडकीवरच्या कर्मचाऱ्याने तो मानला. बॅग गेली, माणूस गेलाच नाही. टोरोंटोला सामान पाहणारे क्ष-किरण यंत्र त्या दिवशी मध्येच बंद पडले. कॅनडाची गुप्तवार्ता संस्था तर संशयितांवर आधीपासूनच पाळत ठेवून होती. स्फोटाच्या तीनच आठवडे आधी तिच्या माणसांनी रानात चाचणी-स्फोटाचा आवाज स्वतःच्या कानांनी ऐकला आणि तो बंदुकीचा असावा असे मानून ते परतले. संशयितांच्या संभाषणांच्या ध्वनिफिती नंतर पुसून टाकण्यात आल्या. न्यायमूर्ती जॉन मेजर यांच्या आयोगाने जून २०१० मध्ये हे सारे मांडले, तेव्हा कोठे त्या देशाच्या पंतप्रधानांनी मृतांच्या आप्तांची क्षमा मागितली. पंचवीस वर्षे लागली. म्हणजे पाळत होती, कान होते, यंत्रेही होती. सर्व काही असून दोषी सुटले. चोर सोडून संन्याशाला फाशी अशी आपल्याकडे एक म्हण आहे. चोर कसा सुटला ते आपण पाहिले. आता संन्याशाकडे वळू.

२३ ऑगस्ट २००६. ॲमस्टरडॅमहून मुंबईला निघालेले नॉर्थवेस्ट कंपनीचे विमान. प्रवासी १४९. त्याआधी दोनच आठवड्यांपूर्वी लंडनमध्ये द्रव स्फोटकांनी विमाने पाडण्याचा कट उघडकीस आला होता (तो खरा होता आणि त्यातील माणसे पुढे दोषीही ठरली). हवेत भीती भरलेली. विमान आकाशात जाताच काही भारतीय प्रवाशांनी आसनपट्टे लवकर सोडले, मोबाइल फोन एकमेकांच्या हाती दिले, जागा बदलल्या. मुंबईकडे येणाऱ्या कोणत्याही विमानात ज्याने एकदा तरी प्रवास केला आहे, त्याला हे वर्णन ऐकून हसू आवरणार नाही. आपल्या लोकांचा हा नित्याचाच परिपाठ आहे. तथापि काहींच्या दाढ्या होत्या, काहींच्या अंगात सलवार-कमीज होते. विमानात सशस्त्र रक्षक होते, त्यांना संशय आला. विमान माघारी वळले. दोन लढाऊ एफ-१६ विमाने त्याच्या दोन्ही बाजूंना आली. खाली उतरताच बारा जणांना अटक झाली.

हे बारा जण भारताचे नागरिक होते, मुस्लिम होते, आपल्या घरी मुंबईला परतत होते. दुसऱ्या दिवशी, २४ ऑगस्टला, डच सरकारी वकिलांनी जाहीर केले की घातपाताच्या हेतूचा कोणताही पुरावा नाही. त्यांना सोडले. भारत सरकारने नेदरलँड्सच्या राजदूतांना बोलावून घेऊन नाराजी कळवली. प्रकरण मिटले.

मिटले? त्या बारा जणांची 'कर' काय होती? पट्टा सोडणे. 'डर' किती? दोन लढाऊ विमाने. एखाद्याला गाढवावर बसवून धिंड काढावी आणि गावाच्या वेशीवर 'चूक झाली, उतरा' म्हणावे, असा हा न्याय आहे. धिंड सर्वांनी पाहिलेली असते, उतरणे मात्र कोणी पाहत नाही. आणि दाद मागायची तर कोणाकडे? ती विमान कंपनी २००८ साली दुसरीत विलीन झाली. नॉर्थवेस्ट हे नावही आता आकाशात दिसत नाही. आपले वाडवडील सांगत आले की शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये. परदेशातील कोर्टाची पायरी तर गरीब शहाण्याला दिसतसुद्धा नाही.

'ते मुसलमान होते, म्हणून झाले, आपले काय?' हे वाक्य आम्ही एकदा नव्हे, अनेकदा ऐकले आहे. मोठ्याने कोणी म्हणत नाही, हळूच म्हणतात. भाच्याच्या दाढीत हेच वाक्य होते. त्यासाठी दोन गोष्टी सांगतो, दोन्ही अमेरिकेतल्या आणि दोन्ही कॅथलिक माणसांच्या.

सिस्टर ग्लेन ॲन मॅकफी या डॉमिनिकन संघाच्या धर्मभगिनी. अमेरिकेच्या कॅथलिक महागुरूंच्या परिषदेत त्या शिक्षणविभागाच्या सचिव होत्या. २००३ च्या ऑक्टोबरपासून पुढे नऊ महिने त्या विमानतळावर गेल्या की अडवल्या जात. वय साठीच्या पुढे, काम कॅथलिक शाळांचे, प्रवास एका धर्मप्रांतातून दुसऱ्यात. कारण काय? कोणा अफगाण माणसाने म्हणे 'मॅकफी' हे टोपणनाव वापरले होते! पत्रे लिहून झाली, फोन करून झाले. सुटका झाली ती राष्ट्राध्यक्षांच्या कचेरीतील वजनदार सल्लागारापर्यंत ओळख पोहोचली तेव्हा. दुसरे गृहस्थ सिनेटर एडवर्ड केनेडी. ज्या घराण्याने अमेरिकेला पहिला कॅथलिक राष्ट्राध्यक्ष दिला त्या घराण्यातले, चार दशके सिनेटमध्ये बसलेले. २००४ च्या मार्चमध्ये त्यांना विमानात चढू देण्यास वारंवार नकार मिळाला, कारण संशयितांच्या यादीत 'टी. केनेडी' असे एक नाव होते. खुद्द अंतर्गत सुरक्षा खात्याच्या प्रमुखांशी बोलणी करूनही नाव निघायला आठवडे गेले. धर्मभगिनीला ओळख लावावी लागली, सिनेटरला मंत्री गाठावा लागला. आता वाचकांनी आपल्या धर्मग्रामातील एखादा डिसोझा, एखादा गायकवाड, एखादा साळवे त्यांच्या जागी उभा करून पाहावा. तो कोणाला फोन लावणार?

यादी कशी तयार होते, हेही एका खटल्यामुळे जगाला कळले. रहीनाह इब्राहिम या मलेशियन विदुषी स्टॅनफर्ड विद्यापीठात संशोधन करीत होत्या. २ जानेवारी २००५ रोजी सॅन फ्रान्सिस्कोच्या विमानतळावर त्यांना, शस्त्रक्रियेनंतर चाकांच्या खुर्चीत बसलेल्या असताना, चौदा वर्षांच्या मुलीदेखत बेड्या ठोकण्यात आल्या. काही तासांनी सोडले, दुसऱ्या दिवशी जाऊ दिले. पण पुढे परत येण्याचा परवानाच रद्द झाला. त्या न्यायालयात गेल्या. आठ वर्षे सरकार सांगत राहिले की ही माहिती राष्ट्राच्या सुरक्षेचे गुपित आहे, ती उघड करता येणार नाही. अखेर डिसेंबर २०१३ मध्ये खटला उभा राहिला आणि २०१४ च्या आरंभी न्यायमूर्ती विल्यम ऑलसप यांच्या निकालातून ते गुपित बाहेर आले. काय होते ते? नोव्हेंबर २००४ मध्ये एका तपास अधिकाऱ्याने एका छापील अर्जावर चुकीच्या चौकटींत खुणा केल्या होत्या. ज्या याद्यांत नाव नको होते त्यांवर खूण करा, अशी सूचना होती. त्याने ती उलटी वाचली. एवढेच! तहसीलकचेरीत सात-बाराच्या उताऱ्यावर चुकलेल्या अक्षरापायी वर्षानुवर्षे खेटे घालणाऱ्या आमच्या बुलढाणा जिल्ह्याच्या शेतकऱ्याला ही कथा सांगितली, तर त्याला मुळीच आश्चर्य वाटणार नाही. निदान त्याला आपला उतारा पाहायला तरी मिळतो.

जुन्या करारातील बन्यामीनची गोष्ट आपण रविवारच्या धर्मशिक्षणात ऐकली आहे. धान्याची पोती घेऊन मिसरहून परतणाऱ्या भावांना वाटेत अडवले, तेव्हा ते किती निःशंक होते! ज्याच्याकडे चांदीचा प्याला सापडेल त्याने मरावे, असे ते स्वतःच बोलून बसले. कर नाही त्याला डर कशाला, ही म्हण त्यांना मराठीत येत नव्हती एवढेच. थोरल्यापासून धाकट्यापर्यंत पोती सोडली गेली आणि प्याला सापडला सर्वांत धाकट्याच्या पोत्यात. तो तेथे कोणी ठेवला होता, हे आपल्याला ठाऊक आहे. झडतीचा हुकूम देणाऱ्यानेच.

परक्या देशांना नावे ठेवणे सोपे आहे. आपल्या घरात काय चालते ते पाहू. आपल्या विमानतळांवर वर्षानुवर्षे भिंतीला एक फलक लावलेला आम्ही पाहत आलो. ज्यांची झडती घ्यायची नाही अशांची ती यादी. राष्ट्रपती, पंतप्रधान, राज्यपाल, सरन्यायाधीश हे ओघानेच आले. पण एका राजकीय घराण्याच्या जावयाचे नावही त्यात कित्येक वर्षे झळकत होते, ते २०१५ साली उतरले. गंमत अशी की त्याच यादीत माजी राष्ट्रपतीही होते, आणि तरीही २१ एप्रिल २००९ रोजी दिल्लीच्या विमानतळावर एका अमेरिकन कंपनीच्या कर्मचाऱ्यांनी डॉ. अब्दुल कलामांची अंगझडती घेतली. कलामांनी तक्रार केली नाही. तीन महिन्यांनी संसदेत गदारोळ झाला तेव्हा कंपनीने माफी मागितली. आमच्या मते कलामांची झडती हा अपमान नव्हताच. सर्वांची होते तशी त्यांची झाली. फलक भिंतीवर असणे हाच उरलेल्या शंभर कोटींचा अपमान होता. ज्या यादीची लाज वाटायला हवी ती भिंतीवर टांगायची, आणि ज्या यादीत आपले नाव आहे की नाही हे माणसाला कळायलाच हवे, ती कपाटात कुलूपबंद ठेवायची, असा हा उफराटा कारभार.

शरीराच्या विटंबनेविषयी येथे लिहायलाच हवे, कारण आपल्या घरातील म्हातारी माणसे तिला तोंड देतात आणि घरी येऊन बोलत नाहीत. नृत्यांगना सुधा चंद्रन यांना तरुणपणी अपघातात पाय गमवावा लागला. जयपूर पाय लावून त्या पुन्हा नाचल्या आणि साऱ्या देशाने टाळ्या वाजवल्या. ऑक्टोबर २०२१ मध्ये त्यांनी पंतप्रधानांना उद्देशून एक चित्रफीत प्रसिद्ध केली. प्रत्येक विमानप्रवासात आपल्याला कृत्रिम पाय काढून दाखवायला सांगतात, आमच्यासारख्यांना काही ओळखपत्र द्या, एवढीच त्यांची मागणी होती. केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाने दुसऱ्याच दिवशी दिलगिरी व्यक्त केली. चांगले केले. पण ज्यांची चित्रफीत कोणी पाहणार नाही त्यांचे काय? आमच्या आईच्या खुब्यात पोलादी कांब आहे. एका विमानतळावर (त्याचे नाव सांगण्यात अर्थ नाही, कोठेही हेच झाले असते) कमान वाजली, तिला पडद्याआड नेले, लुगडे सोडायला लावले. बाहेर आली तेव्हा ती जपमाळ मुठीत घट्ट धरून बसली होती. तपासणाऱ्या मुलीचाही दोष म्हणवत नाही; तिला तसे शिकवले होते, आणि मागे रांग वाढत होती. त्यानंतर आई विमानात बसली नाही. मुंबईला जायचे झाले की अमरावती एक्स्प्रेसचे तिकीट काढा म्हणते.

आता आणखी एक यादी, जी मध्यमवर्गीयांना ठाऊकच नाही. परदेशी जाणाऱ्याला इमिग्रेशनच्या खिडकीवर थांबवण्यासाठी सरकार 'लुकआउट सर्क्युलर' काढते. ज्याच्या नावाने ते निघते त्याला आधी कळवत नाहीत. तिकीट हातात, सामान आत गेलेले, आणि मग खिडकीवरचा माणूस म्हणतो, बाजूला उभे राहा. फरारी गुन्हेगारांसाठी असलेली ही तरतूद २०१८ साली सरकारी बँकांच्या हाती आली. देशाच्या आर्थिक हिताला बाधा, असे कारण देऊन बँकेचा वरिष्ठ अधिकारी कर्जदाराला, किंबहुना त्याला जामीन राहिलेल्या माणसालाही, विमानतळावर अडवण्याची विनंती करू लागला. २३ एप्रिल २०२४ रोजी मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती गौतम पटेल आणि माधव जामदार यांनी बँकांना दिलेला हा अधिकार घटनाबाह्य ठरवून रद्द केला. परदेशप्रवास हा नागरिकाचा मूलभूत अधिकार आहे, हे मनेका गांधी खटल्यापासून, म्हणजे १९७८ पासून, पक्के झालेले. कायद्याच्या आधाराशिवाय, नुसत्या कार्यालयीन परिपत्रकाने तो हिरावता येणार नाही, असा त्या निकालाचा आशय. मलकापुरात कोणाला ना कोणाला जामीन न राहिलेला माणूस विरळा. या निकालाची बातमी आमच्याकडे कोणी वाचली नाही, याचे आम्हाला वाईट वाटते.

आणि आता चेहरा. १ डिसेंबर २०२२ पासून दिल्ली, बंगळुरू आणि वाराणसी येथे 'डिजियात्रा' सुरू झाली. २०२३ मध्ये ती पुण्यात व मुंबईत आली. बोर्डिंग पास नको, ओळखपत्र नको, यंत्राला चेहरा दाखवा आणि आत जा. रांग वाचते, हे खरे. सक्ती नाही, असेही सांगतात. माहिती प्रवाशाच्या फोनमध्येच राहते आणि विमानतळाच्या यंत्रणेतून चोवीस तासांत पुसली जाते, असेही सांगतात. परंतु प्रवेशद्वारावर काय चालले आहे हे न सांगताच आपला चेहरा टिपून घेतला, अशा प्रवाशांच्या तक्रारी २०२४ च्या आरंभी वर्तमानपत्रांत आल्याच. ही व्यवस्था चालवणारी संस्था सरकारी खाते नव्हे. २०१९ साली स्थापन झालेली ती एक कंपनी आहे. विमानतळ प्राधिकरणाचा तीत २६ टक्के हिस्सा, उरलेला पाच विमानतळ कंपन्यांचा. चेहरा ओळखणारी यंत्रे चुकतात, आणि सर्वांच्या बाबतीत सारखी चुकत नाहीत. अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक व तंत्रज्ञान संस्थेने डिसेंबर २०१९ मध्ये अशी अनेक यंत्रे तपासली, तेव्हा गोऱ्या चेहऱ्यांपेक्षा आशियाई आणि आफ्रिकी चेहऱ्यांची गफलत पुष्कळ अधिक होते, काही यंत्रांत दहापट ते शंभरपट, असे आढळले. आपला काळासावळा चेहरा यंत्रालाही नीट पाहवत नाही म्हणायचा!

२४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी एकमताने सांगितले की खासगीपणा हा मूलभूत अधिकार आहे. (ॲमस्टरडॅमचे बारा जण सुटले तीही २४ ऑगस्टच. योगायोग, दुसरे काही नाही.) त्यानंतर २०२३ साली व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा कायदा झाला, आणि त्यातच सरकारला आपल्या यंत्रणांना त्यातून वगळण्याची मुभा ठेवण्यात आली. घराला कुलूप लावले आणि किल्ली दारातच टांगली.

यावर एक प्रामाणिक आक्षेप आहे आणि तो आमच्या घरातच घेतला गेला. आमचे धाकटे बंधू म्हणाले, "दादा, हजार निरपराधांना तासभर त्रास झाला आणि एक विमान वाचले, तर तो सौदा वाईट का?" वाईट नाही. तास आम्ही आनंदाने देऊ, बूट काढू, पट्टा काढू, पाण्याची बाटली टाकून देऊ. हे सर्वांना सारखे आहे, म्हणून सोसवते. जे सोसवत नाही ते निराळे आहे. तो तास काही ठरावीक माणसांकडूनच पुनःपुन्हा वसूल केला जातो, का ते त्यांना सांगितले जात नाही, आणि चूक निघाली तरी ती चूक कोणाच्या वहीत नोंदली जात नाही. वाण्याच्या दुकानातही हिशेब चुकला तर खोडून दुरुस्त करतात. ज्याला अडवले त्याला लेखी कारण द्यावे. किती वेळ अडवता येईल ते ठरवावे. नाव चुकून आले असेल तर ते काढण्यासाठी दार कोठे ठोठावायचे ते सांगावे, आणि त्या दारामागे उत्तर देणारा माणूस असावा. म्हाताऱ्या, अपंग माणसाला पडद्याआड नेताना घरच्या माणसाला सोबत येऊ द्यावे. चूक झाली तर क्षमा मागावी. यात सुरक्षेला कोठे छिद्र पडते, ते आम्हाला कोणीतरी समजावून सांगावे. 'कनिष्क' पडले ते कोणाची क्षमा मागितल्यामुळे नव्हे.

आता आपल्याच घरचे, आणि हे लिहिताना आमचा हात जड होतो. २५ जुलै २०२५ रोजी छत्तीसगडमधील दुर्ग रेल्वे स्थानकावर केरळच्या दोन धर्मभगिनींना आणि त्यांच्याबरोबरच्या एका आदिवासी तरुणाला अटक झाली. नोकरीसाठी निघालेल्या तीन तरुणी त्यांच्याबरोबर होत्या. बजरंग दलाच्या कार्यकर्त्याने तक्रार केली, मानवी तस्करी आणि धर्मांतर असे आरोप लागले. मुली स्वखुशीने निघाल्या होत्या, असे त्यांचे कुटुंबीय सांगत राहिले. २ ऑगस्टला बिलासपूरच्या न्यायालयाने जामीन दिला, तोवर नऊ दिवस तुरुंगात गेले. दुर्ग आपल्याला परके नाही. मलकापूरच्या फलाटावरून नागपूरकडे जाणारे रूळ तसेच पुढे दुर्गला जातात. त्या वेळी ठिकठिकाणी निषेध झाले, आपणही हळहळलो. धर्मवस्त्र हाच संशय ठरला, असे आपण म्हणालो. बरोबर म्हणालो. मग दाढी हाच संशय ठरला तेव्हा, २००६ साली, आपल्यातले किती जण बोलले? आम्ही बोललो नाही, हे कबूल करतो. वर्तमानपत्र वाचले, घडी घातली आणि चहा घेतला. आज धर्मवस्त्रासाठी न्याय मागताना, सलवार-कमीजासाठी तो न मागितल्याची आठवण आम्हाला टोचते. ती टोचावी अशीच आहे. आणि अजूनही आपण काय करतो? मुलाची दाढी उतरवतो आणि क्रूस सदऱ्याबाहेर काढतो. क्रूस ही आपल्या श्रद्धेची खूण. 'मी त्यांच्यातला नाही' अशी ग्वाही देणारा बिल्ला म्हणून तो मिरवायचा असेल, तर तो सदऱ्याच्या आतच बरा. ताईला आम्ही हे त्या रात्री फलाटावर सांगायला हवे होते. गाडी सुटायला दोनच मिनिटे होती, म्हणून राहिले. ही सबबच आहे, हे जाणतो.

भाच्याचा फोन तिसऱ्या दिवशी आला. नोकरी बरी आहे, खोलीत चौघे आहेत, लोणचे फुटले नाही. मग जरा थांबून म्हणाला, "मामा, वाटेत एका विमानतळावर दोन तास बसवून ठेवलं." कारण विचारले. त्याच्या पासपोर्टवरील छायाचित्रात दाढी आहे. यंत्राला चेहरा जुळेना, म्हणून त्याला बाजूला घेतले, आणि खोलीत बसवून पहिला प्रश्न विचारला तो हाच, की दाढी केव्हा काढली आणि का काढली. काय उत्तर दिलेस, असे आम्ही विचारले. म्हणाला, "आईनं सांगितलं म्हणून, असं म्हणालो. त्यांनी ते लिहून घेतलं."

ताईला आम्ही हे अजून सांगितलेले नाही.